कुंभार्लीची चढण आणि तापणारी गाडी

चिपळूणहून कराडला जायचे म्हणजे सुमारे १०० किलोमीटरची वाट. नकाशावर ती सरळ-साधी दिसते. पण मधे सह्याद्री आडवा उभा आहे आणि त्याच्या अंगावरून कुंभार्लीचा घाट चढतो. मे महिन्यात या वाटेवर तुम्ही कधी उभे राहिलात, तर हापूसच्या पेट्या भरून वर निघालेल्या पिकअप गाड्या दिसतील. उलट दिशेने कराड-पाटणकडची भाजी, कांदा आणि गूळ खाली कोकणात उतरत असतो. यातल्या कितीतरी गाड्या जुन्या, दोन-तीन हात फिरून आलेल्या असतात. अशी एखादी गाडी तुमच्याही अंगणात असेल. घरातल्या बैलजोडीची आपण जशी नाडी ओळखतो तशी तिचीही ओळखावी, म्हणून आज या घाटाने तुम्हाला वर घेऊन जायचे आहे.

चिपळूण वाशिष्ठी नदीच्या काठी, जवळजवळ समुद्राच्या पातळीवर वसले आहे. २२ जुलै २०२१ रोजी याच नदीने शहरात शिरून हाहाकार केला, तो तुम्हाला आठवत असेल. शहर मागे पडले की पिंपळी, अलोरे, शिरगाव या गावांच्या बाजूने रस्ता डोंगराच्या पायथ्याशी, पोफळीकडे सरकतो. इथवर चढ फारसा नाही. गाडीची पहिली तपासणी इथेच होते.

गाडी जर या सपाटीवर वाऱ्याने धावताना थंड राहत असेल, पण बाजारपेठेच्या गर्दीत किंवा फाटकाशी उभी राहिली की काटा वर चढत असेल, तर दोष बहुधा हवेचा आहे, पाण्याचा नाही. धावताना वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यावा लागतो. तेव्हा इंजिन बंद करून पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून पाहा. तो साधारण अर्धा इंच दबावा. जास्त दबला तर सैल, आणि चकाकत किंवा चिरलेला असेल तर त्याचे दिवस भरले. विजेचा पंखा असेल तर त्याचा फ्यूज आणि तारा पाहा. हा पंखा इंजिन बंद केल्यावरही एकाएकी फिरू लागतो, म्हणून बोटे दूर ठेवा. पंख्याभोवतीचे पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे कडे अनेक जुन्या गाड्यांत कुणीतरी काढून टाकलेले असते. ते बिनकामाचे नसते. हवा जाळीतूनच ओढली जावी यासाठी ते असते.

मग रेडिएटरची जाळी बाहेरून पाहा. मळणीच्या दिवसांत भुसा, पावसाळ्यात किडे आणि चिखल तिच्यात घट्ट बसतो. पुरात बुडालेली गाडी कुणी स्वस्तात देऊ केली, तर जाळीतला वाळलेला गाळ आधी पाहा. इंजिन थंड असताना आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूकडे बेताच्या धारेने पाणी मारावे. फार जोराची धार पातळ पत्रे वाकवते आणि वाट आणखी बंद करते.

पोफळीला तुम्ही पोहोचलात की एक गोष्ट ध्यानात घ्या. कोयना नदी वर महाबळेश्वराकडून येते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. पण धरणात अडवलेले तिचे बरेचसे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला आणले आहे. ते खाली पडते, जमिनीखालच्या वीजघरात चक्रे फिरवते आणि वाशिष्ठीला मिळते. बोगदा बुजला किंवा फुटला तर सगळे काम थांबेल. तुमच्या गाडीतही असेच आहे. जळलेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर न्यावा लागतो. पंप पाणी ढकलतो, ते इंजिनातून फिरून तापते, रेडिएटरमध्ये निवते आणि परत येते. ही वाट कुठे अडली, हेच शोधायचे असते.

आता खरी चढण सुरू होते. पायथ्यापासून घाटमाथ्यापर्यंत गाडी सुमारे २,००० फूट वर येते, आणि तीही पाठीवर भार घेऊन. सपाटीला शहाण्यासारखी चालणारी गाडी इथेच तापू लागली, तर पाण्याचे फिरणे कमी पडते आहे. रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने भरलेल्या असतील, पंपाची पाती झिजलेली असतील, थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल, किंवा खालची रबरी नळी मऊ होऊन पंपाच्या ओढीने आत चिमटत असेल. ती नळी हाताने दाबून पाहा. कणखर लागली पाहिजे. रेडिएटरचा काही भाग गरम आणि काही भाग गार लागला, तर गार भागातल्या नळ्या बुजल्या असे समजा. हे मात्र इंजिन बंद करून आणि हात जपून पाहावे. चाकांचे ब्रेक अडकून राहत असतील तरीही इंजिनावर भार पडतो. एखाद्या चाकाचा मधला भाग इतरांपेक्षा जास्त तापला आहे का, तेही बघावे.

क्षार येतो कुठून? बोअरच्या जड पाण्यातून. चहाच्या भांड्याला आतून जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. म्हणून बॅटरीत घालतात तसले शुद्ध पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण वापरावे. मात्र सांडलेले कूलंट अंगणात राहू देऊ नका. ते चवीला गोड आणि जिवाला घातक असते. कुत्रे, वासरू किंवा लहान मूल त्याला तोंड लावू शकते. डबाही उंचावर ठेवा.

थर्मोस्टॅटविषयी खेडोपाडी एक गैरसमज आहे. गाडी तापली की मिस्त्री तो काढूनच टाकतो. त्याने काही काळ बरे वाटते; पण इंजिन योग्य तापमानाला येत नाही, डिझेल जास्त लागते आणि इंजिन लवकर झिजते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरते आणि गाडी उलट अधिक तापते. त्याची परीक्षा घरीच होते. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पाण्याच्या पातेल्यात लोंबता ठेवा आणि पातेले चुलीवर चढवा. पुष्कळसे थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडू लागतात. पाणी खळखळून उकळले तरी तो मिटलेलाच राहिला, तर नवा घ्या. हे पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

घाटमाथ्याजवळ हवा गार लागते, पण एक गंमत आहे. जितके उंच जावे तितके पाणी लवकर उकळते. २,००० फुटांवर ते १०० ऐवजी ९८ अंशांच्या सुमारास उकळते. गाडीत ते लवकर उकळू नये म्हणून रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते. चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब धरणारे झाकण असेल, तर साधे पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले, स्प्रिंग ढिली पडली की ही राखण संपते. थोड्या पैशांचे झाकण न बदलल्यामुळे मोठा खर्च ओढवतो तो असा.

गाडी घाटात उकळलीच तर काय करावे? रुंद जागा पाहून कडेला घ्या आणि मागच्या चाकांना दगड लावा. वाफ उसळत असेल किंवा पट्टा तुटला असेल तर इंजिन ताबडतोब बंद करा. नुसताच काटा वर गेला असेल आणि पाणी शाबूत असेल, तर दोन-तीन मिनिटे गिअर काढून इंजिन हलके चालू ठेवा. पाणी फिरून उष्णता ओसरते. काटा उतरला नाही तर बंद करा. एवढ्यात झाकण उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उसळते आणि कायमची इजा होते. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, मग जाड फडके धरून झाकण थोडेसे फिरवा, दाब जाऊ द्या आणि नंतरच काढा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नका; हेडला तडा जाऊ शकतो. आणि पाणी पार आटले की काटा कधी कधी उलट खाली येतो, कारण त्याच्या टोकाशी पाणीच उरत नाही. वाफ दिसते आहे आणि काटा खाली आहे, तर काट्यावर विश्वास ठेवू नका.

घाट उतरून तुम्ही हेळवाकला आलात की कोयना वळण घेऊन पूर्वेकडे निघते. वर कोयनानगर आणि धरण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथेच मोठा भूकंप झाला होता. इथल्या चहाच्या टपरीशी गाडी पूर्ण निवू द्या आणि शेवटची तपासणी करा. कुठेही गळत नसताना पाणी कमी होते आहे का? थंड इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का? तेलाची पट्टी ओढून पाहा. तेल दुधाच्या चहासारखे दिसते का? धुराड्यातून पांढरा धूर येतच राहतो का? यांपैकी एक जरी खूण पटली, तरी हेड गॅस्केटची शंका घ्या आणि गाडी पुढे रेटू नका. माल दुसऱ्या गाडीत चढवणे परवडते. वाकलेले हेड आणि ऐन हंगामात गॅरेजात पडलेली गाडी परवडत नाही.

पाणी भरल्यावर झाकण उघडे ठेवून इंजिन चालू करा. आत अडकलेली हवा निघते आणि पातळी खाली जाते. मग पुन्हा भरा. गाडीत दहा लिटर चांगले पाणी, एक जादा पट्टा, नळीचे दोन क्लॅम्प, पाना आणि जाड फडके नेहमी असू द्या. चढणीला वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हत ठेवू नका; वेळीच खालचा गिअर टाका, म्हणजे पंप आणि पंखा दोन्ही जोराने फिरतील.

पुढे पाटणवरून रस्ता कोयनेच्या सोबतीने कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत सोपा आहे. पेट्या वेळेत बाजारात पोहोचल्या तर आंब्याला भाव आहे; घाटात उन्हात अडकल्या तर तोच आंबा मऊ पडतो. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, गाडी थंड असताना, पाणी, पट्टा आणि झाकण एवढ्या तीन गोष्टी पाहण्याचे काम घरातल्या कुणा एकाकडे नेमून द्या. पाच मिनिटांचे ते काम आहे.