वाटीभर ज्वारी, जुडीभर कोथिंबीर

चि. सई,


डब्यात नेण्यासारखं, पोटाला आधार देणारं पण जड न होणारं काय करू, असं तू विचारलं होतंस. फोनवर घाईत सांगून भागणार नाही, म्हणून लिहितेय. अख्ख्या ज्वारीचं सॅलड कर.

ज्वारी मिळाली तर रब्बीची, मालदांडीच घे. बंगळूरला उत्तर कर्नाटकातल्या लोकांच्या दुकानांत चौकशी कर. मंगळवेढ्याच्या याच ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडच्या खोल काळ्या रानात पाऊस सरल्यावर, जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते. तिचा टपोरा, गोडसर दाणा नुसता शिजवूनही खावासा वाटतो.

वाटीभर ज्वारी धुऊन रात्रभर भिजव. सकाळी ते पाणी ओतून टाक, नवं तीन वाट्या पाणी आणि मीठ घालून कुकरला लाव. शिट्टी झाली की गॅस बारीक करून २५ मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू दे. दाणा चावताना लागला पाहिजे, पण मधे कच्चा नको. चाळणीत निथळ, ताटात पसर. निथळलेलं पाणी आमटीला वापर.

दाणे कोमट असतानाच लिंबू पिळ आणि दोन चमचे करडईचं तेल घाल. गार दाण्यात आंबट नीट मुरत नाही, वरवरच राहतं. तेल घाण्याचंच हवं. ज्वारीच्या रानाला कडेने करडई लावतात, काट्यांमुळे जनावरं आत शिरत नाहीत. एका रानातली ही दोन पिकं ताटातही एकमेकांना धरून असतात, असं मला मनापासून वाटतं.

आता खरं सांगायचं ते. कोथिंबीर वरून भुरभुरायची नाही, भाजीसारखी घ्यायची. एका वाटी ज्वारीला अख्खी जुडी, कोवळ्या देठांसकट. देठात पानांपेक्षा जास्त चव असते. सोबत मूठभर पुदिना, पातीचा कांदा आणि चार काड्या शेपू. शेपूला नाक मुरडू नकोस, कच्चा आणि थोडा घातला की तो फार छान लागतो. लेबनॉनमधल्या तबूलेत असंच असतं: पार्सली भरपूर, गव्हाचा दलिया जेमतेम. आपल्याकडे ज्वारी पोटभरीची म्हणून थोडी जास्त घ्यायची, इतकाच फरक.

पाला धुतल्यावर फडक्यावर पसरून पूर्ण कोरडा कर. ओला पाला चिरला की त्याचा लगदा होतो, सगळं पाणचट लागतं. सुरी धारदार हवी आणि एकदाच चिरायचं. पुन्हापुन्हा सुरी फिरवलीस तर पुदिना काळा पडतो. मिक्सरला तर हातही लावू नकोस, पाल्याची चटणी होईल.

भाजलेले शेंगदाणे भरड कुटून घाल, काकडी किंवा टोमॅटो आवडीप्रमाणे. हिरवी मिरची बारीक चिरून, एखादीच. तुझ्या ज्या मैत्रिणीला गहू चालत नाही, तिलाही हे खुशाल दे.

रविवारी जास्त ज्वारी शिजवून फ्रिजमध्ये ठेवलीस तर तीन दिवस पुरेल. पण पाला रोज ताजा चिर, आणि शेंगदाणे वेगळ्या डबीत ने, नाहीतर मऊ पडतात. करडईचं तेल तिकडे नाहीच मिळालं तर कळव, दादा पुढच्या महिन्यात येतोय, त्याच्याबरोबर पाठवते.

तुझी,
मावशी