टेंभुर्णीला समुद्र कुठाय?

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तरच वाचा.

रब्बीची पेरणी तोंडावर आली आणि डीएपी मिळेना. परवा दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचाच. म्हणाला, "भाऊ, गाडीच नाही आली. वरून सांगतात, समुद्रात लढाई चालू आहे." मागं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "आन् आपल्या टेंभुर्णीला समुद्र कुठाय रे?" सगळे हसले. मीही हसलो. पण तो प्रश्न घरापर्यंत सोबत आला. कारण आमच्या घरात समुद्र आहे. माझा भाचा जहाजावर खलाशी आहे.

(बाहेरच्यांसाठी: आमची टेंभुर्णी जाफराबाद तालुक्यातली, जालना जिल्हा. सोलापूरवाली नव्हे. एसटीत बसताना लोक अजून चुकतात.)

दुकानदाराचं बोलणं निम्मं खरं आहे. आपल्याला लागणाऱ्या डीएपीचा मोठा हिस्सा बाहेरून येतो. नोव्हेंबर २०२३ पासून हूथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हापासून कितीतरी जहाजं सुएझ सोडून आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालतात. दहा-बारा दिवस जास्तीचे, डिझेल वेगळं, विमा वेगळा. पण सगळं खापर समुद्रावर फोडू नका. चीननं निर्यात आवळली, आणि आपल्याकडं हंगामाआधी साठा करायला हवा होता तो झाला नाही. युरियाचंही तसंच. ओमानमध्ये सूर नावाच्या बंदराच्या गावी खताचा मोठा कारखाना आहे, त्यात इफ्को आणि कृभको यांचा प्रत्येकी २५ टक्के वाटा आहे. म्हणजे आपल्याच शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था तिथं अर्ध्या मालक आहेत! हे मी दुकानात सांगितलं तर बाबा म्हणाले, "मंग मालकाला रांगेत काहून उभं केलं?" उत्तर नव्हतं.

आता जरा मागं जातो. भोकरदनच्या पलीकडं असई आहे. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रजांचा वेलस्ली यांची लढाई झाली. आपण हरलो. हीच केळना पुढं जाफराबादला पूर्णेला मिळते. शाळेत असताना सहलीला नेलं होतं, तेवढंच. पण त्या गावाचं नाव पुढं कुठं गेलं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मुंबईच्या गोदीत १८५४ साली कंपनी सरकारच्या आरमारासाठी एक मोठी वाफेवर चालणारी लढाऊ बोट बांधली, तिचं नाव 'असाये'. म्हणजे आपली असई. १८५६ मध्ये इराणनं अफगाणिस्तानातलं हेरात घेतलं, इंग्रजांना हिंदुस्थानच्या वेशीची काळजी लागली, आणि मुंबईहून आरमार इराणच्या आखातात गेलं. ॲडमिरल लीकचं निशाण याच 'असाये'वर होतं. डिसेंबरमध्ये तिनं बाकीच्या जहाजांबरोबर बुशहर बंदरावर तोफा डागल्या आणि ते पडलं. पुढं कंपनीचं ते आरमारच मोडीत निघालं, बोट विकली गेली, आणि १८६५ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावर फुटली.

जिथं आपली माणसं पडली त्या गावाचं नाव जिंकणाऱ्यानं बोटीवर कोरलं आणि ती बोट घेऊन तिसऱ्याच देशावर गेला. वाचलं तेव्हा कसंतरीच झालं. राग म्हणावा तर इतक्या जुन्या गोष्टीचा कुणावर धरायचा?

इराण, इराक, कुवेत, सौदी, बहारीन, कतार, अमिराती, ओमान. त्या आखाताला आठ देश लागतात आणि बाहेर पडायला दार एकच, होर्मुझ. आपल्या घरातला गॅस सिलिंडर बहुतेक त्याच दारातून येतो. त्या दाराच्या बाहेर इराणच्याच किनाऱ्यावर चाबहार आहे. तिथला एक टर्मिनल दहा वर्षं चालवायचा करार भारतानं १३ मे २०२४ रोजी केला. कशासाठी? तर पाकिस्तानात न शिरता अफगाणिस्तान आणि त्याच्या वर पोचता यावं म्हणून. अफगाणिस्तानातला झरंज-देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेनं आधीच बांधून ठेवलाय. आणि चाबहारच्या पूर्वेला, पाकिस्तानच्या हद्दीत ग्वादर, ते बंदर चिनी कंपनी चालवते. १८५६ ला इंग्रज हेरातपायी त्या किनाऱ्यावर गेले, २०२४ मध्ये आपण अफगाणिस्तानच्या वाटेपायी तिथंच धक्का चालवायचा करार केला. फरक एवढाच, आपण तोफा नाही, क्रेन नेल्या. मला हा फरक लहान वाटत नाही.

आता घरचं. २५ डिसेंबर २०१५ ला जालन्याजवळ दरेगावला ड्रायपोर्टची कोनशिला बसली. कल्पना सोपी आणि चांगली: कंटेनर जालन्यातच भरायचा, कस्टमचं काम इथंच उरकायचं, सील लावायचं आणि रेल्वेनं थेट न्हावाशेवाला पाठवायचा. सुमारे ४०० किलोमीटरवरचं बंदर दारात. त्या दिवशी भाषणं ऐकायला मी गेलो होतो. भाचा तेव्हा दहावीत, मोटारसायकलवर मागं बसून आला होता. "मामा, बंदर म्हणजे इथं जहाज येईल का?" असं त्यानं विचारलं होतं. २०२४ मध्ये नऊ वर्षं होत आली होती, तरी आमच्या भागातल्या कापसाच्या गाठी ट्रकनंच घाट उतरत होत्या. आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, ७६ हजार कोटींचं काम. खोल पाणी आहे, मोठी जहाजं लागतील, देशाला ते हवंय, पटतं. पण तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं नको म्हणताहेत. समृद्धीच्या मोजणीचे दिवस आपल्या जिल्ह्यानं पाहिलेत. भाव चांगला मिळाला तरी बांध गेल्यावर घरात काय होतं ते आपल्याला माहीत आहे, आणि त्यांचा तर सातबाराही नाही.

भाच्याला दुसऱ्या दिशेनं समुद्र सापडला. बारावीनंतर एका एजंटानं जहाजावर लावतो म्हणून दीड लाख घेतले आणि फोन बंद केला. दोन वर्षं ताई कुणाशी बोलत नव्हती. नंतर पोरानं रीतसर कोर्स केला, सीडीसी काढली आणि परवानाधारक कंपनीमार्फत लागला. (ज्यांची पोरं या वाटेवर आहेत त्यांनी आधी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर एजंटचा परवाना तपासा. एवढं केलं असतं तर आमचे दीड लाख वाचले असते.)

जानेवारी २०२४ मध्ये त्याचं जहाज एडनच्या आखातात होतं. २६ तारखेला तिकडं 'मार्लिन लुआंडा' या तेलाच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, त्यावर २२ भारतीय होते. आयएनएस विशाखापट्टणमनं आग विझवायला माणसं पाठवली. बातमीत जहाजाचं नाव येईपर्यंतची ती रात्र ताईनं ओट्यावर बसून काढली. भाच्याचा मेसेज सकाळी आला, दोनच शब्द: "ठीक आहे." मार्चमध्ये आयएनएस कोलकातानं 'रुएन' जहाज सोमाली चाच्यांकडून सोडवलं, ४० तास चाललं ते, ३५ चाचे मुंबईला आणले. कोलकाता काय, विशाखापट्टणम काय, दोन्ही युद्धनौका मुंबईतल्या माझगाव गोदीत बांधलेल्या.

दसऱ्याला तो घरी आला. काळवंडलाय, पण हात भरलेत. आल्या आल्या कापूस वेचायला गेला. आता पुढच्या आठवड्यात परत जॉइन व्हायचं म्हणतो. ताई नको म्हणते. ड्रायपोर्ट सुरू झाला तर इथंच क्रेनवर लाग, असा तिचा आग्रह. तो तिला म्हणाला, "आई, दहावीपासून वाट पाहतोय."

काल रात्री दोघांनी निकाल माझ्यावर सोपवला. मी अजून काही बोललो नाही. सकाळी दुकानातून फोन आला, डीएपीची गाडी लागली, माणशी दोन गोण्या. भाच्यालाच पाठवलंय रांगेत.