तार कुठंय?

वृत्तपत्राच्या डेस्कवर नोकरी करत असताना दर रविवारी पत्रकारितेच्या मुलांना शिकवायला जायचो. पहिल्या तासाची गोष्ट ठरलेली होती. १८९७ साली न्यूयॉर्कच्या ‘जर्नल’चा मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यानं फ्रेडरिक रेमिंग्टन या चित्रकाराला क्यूबात पाठवलं. रेमिंग्टनची तार आली : इथं सगळं शांत आहे, युद्धबिद्ध काही होणार नाही, परत येतो. हर्स्टची उलट तार : तू चित्रांचं बघ, युद्धाचं मी बघतो. इथं मी थांबायचो, वर्ग हसायचा. मग ‘आणि सव्वा वर्षात अमेरिकेनं स्पेनशी युद्ध पुकारलं’ असं म्हणून खडू खाली ठेवायचो. पंचवीस वर्षं हा प्रयोग चालला.

मग मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, “सर, ती तार कुठंय? म्हणजे, कुणी पाहिलीय?”

बातमीदारांना मी रोज विचारायचो तोच प्रश्न. आधार काय? ‘पुढच्या रविवारी सांगतो’ म्हणून वेळ मारून नेली आणि घरी येऊन शोधायला बसलो. ती तार आजवर कुणालाही सापडलेली नाही. गोष्ट छापली जेम्स क्रीलमन या बातमीदारानं, १९०१ सालच्या पुस्तकात. आणि रेमिंग्टन हवानात होता तेव्हा हा क्रीलमन युरोपात होता. हर्स्टनं तर साफ इन्कार केला होता. पण मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. क्यूबात स्पेनविरुद्धचा उठाव १८९५ पासून पेटलेला होता. स्पेनच्या जनरल वेइलरनं खेडीच्या खेडी उठवून माणसं छावण्यांत कोंडली होती, ती तिथं उपासानं आणि रोगानं मरत होती. अशा ठिकाणाहून ‘सगळं शांत आहे’ अशी तार कोण करेल? शिकाऊ उपसंपादकानंही ही कॉपी परत पाठवली असती. मी पाठवली नाही, कारण ती आम्हा पेपरवाल्यांना गोड लागते. शिवीच आहे, पण ताकदवानाला दिलेली शिवी. एक पेपर अख्ख्या देशाला युद्धात ढकलतो म्हटल्यावर छाती फुगणारच.

हर्स्ट काही सोवळा नव्हता. १५ फेब्रुवारी १८९८ ला हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका फुटली, अडीचशेहून अधिक माणसं गेली, आणि चौकशीआधीच त्याच्या पेपरनं स्पेनला गुन्हेगार ठरवलं. (पुढं १९७६ मध्ये अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष निघाला की स्फोट जहाजाच्या आतला, बहुधा कोळशाच्या कोठारातल्या आगीचा.) पण राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यादवी युद्ध पाहिलेला माणूस, तो कचरत होता. व्यापारीही बिचकत होते. त्यांना हलवलं ते सिनेटर रेडफील्ड प्रॉक्टरच्या भाषणानं. छावण्या स्वतः पाहून आलेल्या या माणसानं १७ मार्चला आवाज न चढवता जे पाहिलं ते सांगितलं. म्हणजे लोकांची कणव खरी होती. तिच्या शेजारीच १८९३ च्या मंदीनंतर नव्या बाजारपेठा शोधणारे होते, आरमार वाढवा आणि जहाजांना कोळसा भरायला दूरदूरची ठाणी मिळवा म्हणणारे होते. ही सरमिसळ मला वर्गात नको होती. एक खलनायक पकडला की बाकीचे सुटतात, कळवळून वाचणारा वाचकसुद्धा सुटतो.

आणि माझा तास क्यूबापाशीच संपायचा. युद्धाआधी अमेरिकी काँग्रेसनं क्यूबा गिळणार नाही असं लिहून दिलं होतं. स्पेनच्याच ताब्यातल्या फिलिपिन्सबद्दल असं काहीच लिहून दिलेलं नव्हतं. तिथल्या बंडखोरांचा नेता आग्विनाल्दो यानं १२ जून १८९८ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. डिसेंबरात पॅरिसच्या तहात स्पेननं ती बेटं २ कोटी डॉलरला अमेरिकेच्या हवाली केली, बेटांवरच्या लोकांना तहाच्या टेबलाशी जागा न देता. फेब्रुवारी १८९९ मध्ये मनिलात गोळीबार सुरू झाला. पुढच्या तीन वर्षांत किती मेले, याचा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या इतिहासकारांचाच आकडा आहे : ४,२०० हून अधिक अमेरिकी, २०,००० हून अधिक फिलिपिनो लढवय्ये आणि हिंसा, उपासमार, रोगराई यांत २ लाखांपर्यंत सामान्य माणसं. बतांगास प्रांतात अमेरिकी जनरल बेलनं गावकऱ्यांना उठवून आखलेल्या हद्दीत कोंडलं. ज्या छावण्यांच्या संतापातून युद्ध उभं राहिलं, त्याच छावण्या.

मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या किपलिंगची ‘व्हाइट मॅन्स बर्डन’ ही कविता मी वर्गात सांगायचो, ती आपल्यावरच लिहिलेली आहे असं समजून. तिच्या उपशीर्षकात स्पष्ट फिलिपिन्सचं नाव आहे. ते मी कधी वाचलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी वर्गात सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून, ती इथं सांगतो. डिसेंबर २०१८, रात्रपाळी. बालांगिगा गावच्या चर्चच्या तीन घंटा अमेरिकेनं ११७ वर्षांनी फिलिपिन्सला परत केल्याची बातमी माझ्यासमोर आली. १९०१ मध्ये त्या गावच्या लोकांनी ४८ अमेरिकी सैनिक मारले होते. बदला म्हणून जनरल स्मिथनं शस्त्र धरू शकेल अशा दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला मारायचा हुकूम सोडला, आणि सैन्यानं घंटा लुटून नेल्या. हे सगळं कॉपीच्या तळाशी होतं. जागा कमी असली की कॉपी खालून कापायची, ही डेस्कची रीत. मी वरच्या तीन ओळी ठेवल्या, ‘घंटा परतल्या’ असं शीर्षक दिलं आणि आतल्या पानावर, हवामानाच्या चौकटीखाली बातमी सोडली.