पाणलवंग

बेळगावहून खानापूरकडे जाताना भाद्रपदात भातशेते पोटरीला आलेली दिसतात. त्यांच्या ओल्या बांधांशी हातभर उंचीची पाणलवंग उभी असते. चार इवल्या पिवळ्या पाकळ्या, बहुधा तितकेच पुंकेसर. आणि ज्याला आपण फुलाचा देठ समजतो, तोच तिचा बीजकोश! पाकळ्या गळतात, पण चार संदले फळाच्या माथ्यावर टिकून राहतात. म्हणून ते हुबेहूब लवंगेसारखे भासते. लिनीअसने १७५३ मध्ये हिला ‘लुडविगिया पेरेनिस’, म्हणजे बहुवर्षायू, म्हटले. वस्तुतः ही एकाच हंगामाची पाहुणी. शास्त्रज्ञापेक्षा आमचा शेतकरी अधिक डोळस म्हणावा! भांगलणीत तो हिला उपटतो, ते रास्तच. भाताच्या वाट्याचे ती खाते. परंतु त्याच्या शाळकरी मुलांना नाव विचारावे, तर ‘तण’ एवढेच उत्तर येते. फळ फुटून धुळीसारखे बारीक बी चिखलात पडते, ते मात्र दरसाल.