माझी पहिली गाडी

स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा प्रथम संकोच वाटला. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले कितीतरी जण आज प्राध्यापक, अभियंते, अधिकारी झाले आहेत. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असेल. मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली आणि सेवानिवृत्त झाले. विचार करता करता एक प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येऊ लागला. वसतिगृहात जे शिकले त्याचा कस त्या प्रसंगात लागला होता. तो प्रसंग म्हणजे १९९९ साली मी घेतलेली एक जुनी स्कूटर.

सपाटीच्या भागात साधारण पाच हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, असा शासनाचा दंडक आहे. माझे उपकेंद्र मुरगूडच्या परिसरात वेदगंगेच्या खोऱ्यात होते. मुख्य गाव, दोन लहान गावे आणि ऊसपट्ट्यात विखुरलेल्या वस्त्या एवढे माझे कार्यक्षेत्र. एस. टी. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मधल्या वेळात पायांवर भिस्त. लसीकरणाच्या दिवशी बर्फाच्या पिशव्या भरलेला व्हॅक्सिन कॅरियर खांद्याला अडकवून शेताच्या बांधांवरून चालावे लागे. ऊन वाढे तसा बर्फ वितळे, आणि लस वाया जाईल या धास्तीने पाय आपोआप भरभर पडत.

१९९९ च्या पावसाळ्यात एका रात्री वस्तीवरून निरोप आला. पहिलटकरीण होती. मी निघाले, पण चिखलातून चालत पोहोचायला तासाच्या वर वेळ लागला. तोवर बाळ जन्मले होते आणि बाईला रक्तस्राव सुरू झाला होता. शेजारच्या शेतकऱ्याने जीप काढली म्हणून ती वेळेत रुग्णालयात पोहोचली आणि वाचली. सगळ्यांनी माझे आभार मानले, पण परतताना मला ते आभार टोचत होते. ती वाचली ती जीपमुळे. मी तर उशिराच पोहोचले होते. त्याच पहाटे मी ठरवले की गाडी घ्यायची.

नवी गाडी आवाक्यात नव्हती. आमच्या पिढीच्या लहानपणी स्कूटर ही श्रीमंताघरची वस्तू होती. १९७२ साली बजाजची चेतक बाजारात आली. तिच्यासाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत, आणि हातात आलेली गाडी नव्या किमतीपेक्षा जास्त दराने विकली जाई. त्याच वर्षी अहमदनगरच्या कायनेटिक कंपनीची लूना आली आणि कारकून, शिक्षक, दूधवाले यांना परवडणारे वाहन मिळाले. पुढे १९८४ मध्ये याच कायनेटिकने जपानच्या होंडा कंपनीशी भागीदारी करून कायनेटिक होंडा काढली. गिअर नाही, पायाने किक मारण्याची सक्ती नाही, बटण दाबले की चालू. साडी नेसणाऱ्या बाईला ती सोयीची होती. १९९८ मध्ये होंडा त्या भागीदारीतून बाहेर पडली, तरी रस्त्यावरच्या गाड्या धावतच होत्या. मी जुन्या कायनेटिक होंडाच्या शोधात निघाले.

मुरगूडहून निपाणी जवळ. मधे दोन राज्यांची सीमा असली तरी बाजारहाट, सोयरीक आणि तंबाखूच्या वखारींमधली मजुरी यांनी ही गावे एकमेकांना बांधलेली आहेत. माझ्या आईने त्याच वखारींत तंबाखू निवडण्याचे काम करून आम्हा भावंडांना वाढवले. सीमेपलीकडच्या एका गावात एक दलाल जुन्या गाड्या विकत असे. त्याच्याकडे के. ए. २३ क्रमांकाची, म्हणजे चिकोडी कार्यालयात नोंदलेली एक गाडी होती. किंमत साडेआठ हजार. रंग चकचकीत. काटा एकोणीस हजार किलोमीटर दाखवत होता. "एका डॉक्टरनं वापरलेली गाडी हाय, ताई. घरातनं दवाखाना, दवाखान्यातनं घर," असे त्याने सांगितले. बटण दाबताच गाडी सुरू झाली. मी मनात पैसे मोजू लागले.

सोबत मुरगूडचे एक मेस्त्री होते. त्यांनी गाडी सुरू होण्यापूर्वीच इंजिनाला हात लावून पाहिला होता. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "नर्सबाई, इंजिन गरम हाय. आपण यायच्या आदी चालू करून ठेवलीया. गार गाडी सुरू हुत्या का न्हाई, ते कळू द्यायचं नाही त्याला." मग त्यांनी एकेक गोष्ट दाखवली. पाय ठेवायच्या जागेचे रबर पार गुळगुळीत झाले होते, मुठींची नक्षी पुसली होती. एकोणीस हजारांत एवढी झीज होत नाही, म्हणजे काटा मागे फिरवलेला असावा. गाडीच्या मागे उभे राहून पाहिले तर पुढचे चाक मागच्या चाकाच्या रेषेत नव्हते. नव्या रंगाखाली वेल्डिंगचा उंचवटा बोटाला लागत होता.

मी कागदपत्रे मागितली. दलालाने आर. सी. पुस्तक दाखवले आणि मूळ मालकाच्या सह्या असलेले कोरे फॉर्म पुढे केले. चिकोडी कार्यालयाचा ना हरकत दाखला नव्हता. दुसऱ्या राज्यातील वाहन बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ आपल्याकडे ठेवायचे तर येथे नव्याने नोंदणी करावी लागते, कर भरावा लागतो. त्याचे उत्तर तयार होते. "हाय त्याच नंबरावर चालवा. तुम्हा नर्सबाईला कोण अडवतंय?"

घरी येऊन आईला सांगितले. किमतीतला फरक मोठा होता आणि मोह पूर्ण गेलेला नव्हता. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तू गावात जाऊन लोकांस्नी खरं सांगतीस, औषद वेळेवर घ्या म्हणतीस. अन् तूच चोरट्यावाणी गाडी चालवणार व्हय?" त्या एका वाक्याने तो विषय संपला.

वसतिगृहात संध्याकाळच्या वंदनेनंतर आमचे अधीक्षक गोष्टीरूपाने कालाम सुत्त समजावून देत. कोणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः तपासा, हिताचे दिसले तर स्वीकारा. त्या वयात तो उपदेश फार मोठ्या प्रश्नांसाठी आहे असे वाटे. जुन्या स्कूटरच्या इंजिनावर हात ठेवणे हेही त्यातच येते, हे मला मेस्त्रींनी शिकवले.

महिनाभराने मुरगूडमध्येच एक गाडी असल्याचे कळले. एम. एच. ०९ क्रमांक, १९९१ ची नोंदणी. मालक निवृत्त प्राथमिक शिक्षक. दृष्टी अधू झाल्याने त्यांनी गाडी चालवणे सोडले होते. आम्ही गेलो तेव्हा गाडी ओसरीत उभी होती. गुरुजी म्हणाले, "सकाळपासून हिला हात लावलेला नाही. तूच चालू करून बघ, बाळ." मी बटण दाबले. गाडी सुरू झाली नाही. मेस्त्रींनी किक मारली, तिसऱ्या किकला ती सुरू झाली.

गुरुजींनी बसायला सांगितले आणि वहीतला कागद काढला. गाडीत काय काय बिघाड आहे ते त्यांनी क्रमाने लिहून ठेवले होते. गार असताना बटणावर सुरू होत नाही. दोन वर्षांपूर्वी बैलगाडीला धडकून पुढचा भाग वाकला होता, तो सरळ करून घेतला आहे. बेल्ट झिजला आहे, चारसहा महिन्यांत बदलावा लागेल. विम्याची मुदत संपली आहे. हे सगळे वाचून दाखवून ते म्हणाले, "मी तेरा हजार मनात धरले होते. आता तू हे ऐकलेस, तेव्हा काय द्यायचे ते तू सांग."

मला काय बोलावे सुचेना. घासाघीस करायच्या तयारीने गेले होते, आणि समोरच्या माणसाने माझी बाजू स्वतःच मांडली होती. मेस्त्रींनी बेल्ट आणि विम्याचा अंदाज काढला आणि साडेअकरा हजारांवर व्यवहार ठरला. पोस्टातले माझे सहा हजार, भिशीचे तीन हजार आणि उरलेले अडीच हजार आईचे. आईने ते पैसे लुगड्याच्या घडीत ठेवले होते. त्या नोटांना तंबाखूचा वास येत होता.

गुरुजींनी पैसे घेतले, पण अट घातली की कोल्हापूरच्या आर. टी. ओ. कार्यालयात दोघांनी एकत्र जायचे. "कोऱ्या कागदावर सही देणार नाही. गाडी तुझी झाली हे सरकारच्या पुस्तकात चढेपर्यंत ती माझीच आहे." त्यांच्या अधू दृष्टीची मला काळजी वाटत होती, पण ते एस. टी. ने आले. चासी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतली, फॉर्म २९ आणि ३० भरले, समक्ष सह्या केल्या. काही दिवसांनी पुस्तक आले. मालक या रकान्यात माझे नाव होते. आमच्या घरात तोवर कोणाच्याही नावावर जमीन नव्हती, घर नव्हते. आईला वाचता येत नसे. तिने ते नाव मला बोटाने दाखवायला लावले.

गाडी शिकले सर पिराजीराव तलावाच्या बाजूला, सकाळी लवकर, फारसे कोणी नसताना. दोनदा पडले. नऊवारीतल्या बायका पाणी भरता भरता थांबून पाहत आणि हसत. वर्षभराने त्यांच्यापैकीच एकीची मुलगी मागे बसून परीक्षेला आली. शिकाऊ परवाना, मग पक्का परवाना, मग निढोरीचा पूल, यमग्याचा रस्ता, मुदाळ तिट्टा. पल्स पोलिओच्या रविवारी कॅरियर पायाजवळ ठेवून मी निघे आणि बर्फ शाबूत असताना शेवटच्या वस्तीवर पोहोचे. त्या पावसाळी रात्रीसारखे निरोप नंतरही आले. मी प्रत्येक वेळी वेळेत पोहोचले असे म्हणणार नाही. पण चालत जाण्यामुळे उशीर झाला, असे पुन्हा कधी झाले नाही.

गाडी मी नऊ वर्षे वापरली. २००६ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले. २००८ मध्ये ती विकायला काढली. एक तरुण शिक्षणसेवक आला. सपाट रस्त्यावर चालवून पाहिली, आवडली, पाच हजार देतो म्हणाला. गाडी गरम झाली की चढाला दम सोडत असे. पिस्टन रिंग झिजल्या होत्या. निढोरीच्या सरळ रस्त्यावर ते कळणे शक्य नव्हते. त्याला तर रोज डोंगरपट्ट्यातल्या शाळेत जायचे होते.

येथे मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे की मी लगेच बोलले नाही. चहा होईपर्यंत गप्प राहिले. मुलीच्या प्रवेशाची फी भरायची होती, पाच हजारांची गरज होती. न विचारलेले न सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, असे मन समजावत होते. मग कपाट उघडून आर. सी. पुस्तक काढले, तर त्यात गुरुजींचा तो कागद घडी घालून ठेवलेला सापडला. गुरुजी तेव्हा हयात नव्हते. मी बाहेर येऊन त्या मुलाला सगळे सांगितले. तो थोडा नाराज झाला, मेस्त्रींना विचारून आला आणि अडतीसशे रुपयांना गाडी घेऊन गेला. बाराशे रुपये गेले. फी भरायला भिशीतून उचल घेतली. आम्ही दोघे कोल्हापूरला गेलो आणि नाव बदलून आलो.

हा आग्रह किती योग्य होता हे पुढे माझ्या मावसभावाच्या प्रकरणात कळले. त्याने मोटारसायकल विकली, कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली आणि विसरून गेला. ती पुढे दोन हातांत फिरली. तिसऱ्या मालकाच्या हातून अपघात झाला. विमा नव्हता. न्यायालयाचे समन्स आले ते माझ्या भावाच्या नावे, कारण कागदावर मालक तोच होता. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचे असते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले की, नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव तोच मालक आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच.

आज शाळेतून बाहेर पडणारी मुले-मुली नोकरीला लागताच गाडी घेतात. बहुतेकांची पहिली गाडी जुनीच असते आणि त्यात कमीपणा काही नाही. पालकांना आणि त्या मुलांना मी एवढेच सांगेन की गार इंजिनावर हात ठेवून बघा, जाणता मेस्त्री सोबत न्या, चासी क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहा आणि नाव चढल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे समजू नका. आणि कधी तुमच्यावर विकण्याची वेळ आली, तर गाडीतले दोष कागदावर लिहून काढा. समोर येणारा मुलगा किंवा मुलगी कोणाच्या तरी मजुरीचे पैसे घेऊन आलेली असते.

गुरुजींचा तो कागद मी त्या शिक्षणसेवकाला दिला नाही. तो माझ्याकडेच आहे.