आधी शू, मग केबल

चिपळूणच्या ज्या मेस्त्रींचं देणं मी लागतो, त्यांचं गॅरेज २२ जुलै २०२१च्या पुरात पार बुडालं होतं. वाशिष्ठीचा गाळ पान्यांच्या पेटीतसुद्धा भरला होता. तशात त्यांनी आमच्या अण्णांची मारुती ८०० हातात घेतली.

गाडी पाण्यात उभी राहिली की इंजिन आणि वायरिंगची काळजी सगळेच करतात; हँडब्रेकची केबल कोणाच्या लक्षात येत नाही. वरचं आवरण कुठं फाटलं असेल तर आतल्या पोलादी तारेपर्यंत पाणी आणि माती जाते, तार गंजते. मग ती ओढली जात नाही, किंवा ओढली गेली तर परत येत नाही. ब्रेकचे शू ड्रमला घासत राहतात, चाक तापतं, लायनर जळाल्याचा वास येतो. अण्णांच्या गाडीचा हँडब्रेक असाच धरेनासा झाला होता, आणि आमचं घर चढावर. अण्णांचा गुडघा तेव्हा अधू झालेला, उतरून चाकाखाली दगड लावणं त्यांना जमत नसे.

आधी एका ठिकाणी लिव्हरजवळचा नट नुसता आवळून दिला होता. मेस्त्रींनी लिव्हर ओढून बघितला. "अण्णा, नट आवळून तुमचं समाधान होईल, पण चढावर गाडी नाही थांबायची."

ही गाडी बनायची २०१४ सालीच थांबली, तरी तिचे सुटे भाग मिळतात. चिपळुणातली दुकानं मात्र बुडालेली, म्हणून केबल कराडहून मागवल्या. मेस्त्रींनी आमच्या अंगणात पुढच्या चाकांना ओंडके लावले, मागची बाजू जॅकनं उचलून स्टँडवर टेकवली आणि पाना माझ्या हातात दिला. ड्रम गंजून घट्ट बसला होता. त्याच्या आट्यांच्या दोन भोकांत बोल्ट घालून आळीपाळीनं आवळत गेलं की तो सरळ बाहेर येतो, हे मी तिथं शिकलो. आतली धूळ फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्यानंच पुसायची. केबलचं टोक सुटलं, पण मागच्या प्लेटमध्ये तिचे कान फाकून अडकले होते. मेस्त्रींनी बरोबर मापाचा रिंग पाना वरून सरकवला, सगळे कान एकदम मिटले आणि केबल बाहेर आली. इतकं देखणं काम मी फार थोडं पाहिलंय.

नवी केबल जुन्याच वाटेनं क्लिपांत बसवली. आधी शू ड्रमजवळ आणले, त्यानंतरच केबल ताणली. क्रम उलटा झाला तर शूची झीज केबलच्या ताणाखाली लपते. लिव्हर दोन-तीनदा जोरात ओढून सोडला, चाकं हातानं मोकळी फिरतात का पाहिलं, पुन्हा ताण जुळवला.

मजुरी त्यांनी नेहमीचीच सांगितली. गावात प्रत्येक गाडीला मेस्त्री हवा होता. दुप्पट मागितली असती तरी आम्ही दिली असती. अण्णांनी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "राहू दे. गॅरेज उभं राहिलं की पूजेला या." त्या पूजेला अण्णा स्वतः गाडी चालवत गेले.

अण्णा आता नाहीत. दर मे महिन्यात, पावसाआधी, मी मागचे ड्रम उघडतो. काही अडलं तर मेस्त्रींना फोन लावतो. ते आधी आईची चौकशी करतात, मग शूची.