दुखत नव्हते म्हणून

मोहोळच्या आमच्या घरी आई रोज सकाळी चुलीपाशी मिश्री लावीत बसे. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा तो उग्र वास आमच्या बालपणाचाच एक भाग होता. पुढे तिच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा उमटला. दुखत नव्हता, म्हणून कुणाला दाखविला नाही. दुखू लागला तेव्हा सोलापूर गाठले. पण फार उशीर झाला होता.

गेल्या वर्षी धाकट्या मुलीने ‘नीट’ परीक्षा दिली. एम.बी.बी.एस. आणि बी.डी.एस. या दोहोंसाठी परीक्षा एकच. त्यामुळे दंतवैद्यक ही मागे राहिलेल्यांची वाट, असे अनेकजण मानतात. मीही मानीत होतो. पसंतीक्रमात तिने मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये ओळीने लिहिली, तेव्हा मी म्हणालो, “एक वर्ष थांब. पुन्हा परीक्षा दे.”

ती शांतपणे म्हणाली, “बाबा, आजीच्या तोंडात कुणी वेळीच डोकावले असते तर?”

मी निरुत्तर झालो. दाढ काढण्यापलीकडे दंतवैद्याचे काम मी कधी जाणलेच नव्हते. न दुखणारा चट्टा ओळखणे, हेही त्याचेच काम.

अर्ज पाठविण्याचे बटण तिने मलाच दाबायला लावले. ओसरीवर माझी थोरली बहीण मिश्री लावीत बसली होती. मुलगी तिच्याजवळ जाऊन बसली. “आत्या, आता तरी ही सोड. आणि उद्या सोलापूरला जाऊन तोंड दाखवून येऊ.”

“अगं, पण मला काही दुखत नाही.”

“म्हणूनच,” ती म्हणाली.